कुशीचा इतिहास : अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शुश्रूषा आणि बाळ-बाळंतिणीचा संबंध

१

प्रसूतीची वार्ता मराठी कुटुंबात बहुधा एकाच वाक्याने कळविली जाते : 'बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.' हे वाक्य इतके परिचयाचे आहे की त्याच्या रचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि ही रचना विचार करण्याजोगी आहे. ह्या वाक्याचा कर्ता एक द्वंद्व समास आहे, आणि त्या समासाचे दुसरे पद पहिल्या पदाला आपल्या पोटात घेऊनच उभे आहे. प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत स्त्रीला जे नाव मिळते ते तिच्या बाळावरून मिळते. आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत बाळाला जे नाव मिळते ते 'अमुक हिचे बाळ' असे आईवरून मिळते. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याखेरीज स्वतंत्र नाव नाही. लोकभाषेच्या दृष्टीने ह्या काळात दोन व्यक्ती नसून एकच जोडी असते, आणि 'सुखरूप' हे विशेषण त्या जोडीला लागते.

ह्याच शब्दकुलातील आणखी काही प्रयोग येथे लक्षात घेणे अवश्य आहे. गर्भधारणेला मराठीत 'दिवस जाणे' किंवा 'दिवस राहणे' म्हणतात, तिच्या पूर्णतेला 'दिवस भरणे' म्हणतात. आणि भरण्यापूर्वीच जन्मलेल्या बाळाला 'अपुऱ्या दिवसांचे' म्हणतात. ह्या प्रयोगात उणेपणा बाळाच्या अंगी लावलेला नसून दिवसांच्या हिशेबात दाखविलेला आहे. जे दिवस आत भरायचे राहिले ते बाहेर भरून काढता येतील, अशी शक्यता त्यात गृहीत धरलेली दिसते. 'कूस' हा शब्द तर ह्या विषयाची किल्लीच आहे. संस्कृत 'कुक्षि' पासून आलेल्या ह्या शब्दाचा एक अर्थ गर्भाशय, तर दुसरा अर्थ देहाची बाजू, जिच्याशी लेकरू बिलगून निजते. 'कूस उजवणे' आणि 'कुशीत घेणे' हे दोन वाक्प्रचार एकाच शब्दावर उभे आहेत. पहिल्या कुशीतून लवकर बाहेर पडलेल्या जिवाला दुसऱ्या कुशीचा आश्रय हवा, हे ज्ञान भाषेत पूर्वीपासून साठविलेले होते.

गेल्या सुमारे दीडशे वर्षांत वैद्यकाने ह्या समासाचा प्रथम विग्रह केला, आणि मग तो चुकला असे ध्यानी आल्यावर पुन्हा संधी साधला. ह्या दुसऱ्या कार्यात पूर्व विदर्भाचा वाटा मोठा आहे. त्या इतिहासाचे मुख्य टप्पे सांगावेत, आणि यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीसारख्या प्रदेशात त्या ज्ञानाची खरी कसोटी कोठे लागते ते दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

झरी जामणी हा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाशी आहे. त्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख लागतो. मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन ही त्यातील परिचित गावे. वस्तीत कोलाम आणि गोंड ह्या जमातींचे प्रमाण मोठे आहे. कातकरी व माडिया गोंड ह्यांच्याबरोबर कोलामांची गणना महाराष्ट्रातील अतिमागास आदिम जमातींत होते. कोलामांच्या स्वतंत्र वस्तीला 'पोड' असे म्हणतात. अनेक पोड मूळ गावापासून काही अंतरावर, शेतांच्या किंवा रानाच्या कडेला वसलेले असतात. शासनाच्या कागदावर गावाला जोडलेली सोय पोडापर्यंत पोहोचलेली असतेच असे नाही.

भाषेच्या दृष्टीने हा प्रदेश संमिश्र आहे. वऱ्हाडी मराठी, कोलामी, गोंडी, तेलुगू आणि बंजारा समाजाची बोली ह्या येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. कोलामी ही द्राविड कुलातील भाषा होय. एमेनो ह्यांनी वर्धा भागातील कोलामीचे वर्णन १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्यापासून भाषाशास्त्रज्ञांना तिची चांगली ओळख आहे. ह्या भाषेत एकवचनी नामांचे दोनच वर्ग पडतात : पुरुषवाचक नामे एका वर्गात, आणि स्त्रिया, प्राणी व वस्तू ह्यांची नामे दुसऱ्या वर्गात. मराठीने मात्र मूल, बाळ, लेकरू, अर्भक हे सर्व शब्द नपुंसकलिंगी ठेवले आहेत. व्याकरणातील लिंगावरून मायेचे माप काढणे अशास्त्रीय ठरेल. परंतु आरोग्यसेविका मराठीत 'ते कसे आहे, दूध ओढते का' असे विचारते आणि समोरची आई घरात कोलामी बोलते, तेव्हा त्या दोघींमध्ये केवळ शब्दांचे नव्हे, तर वर्गीकरणाच्या रीतीचेही अंतर असते. ह्या अंतराचा विचार पुढे करावयाचा आहे.

विदर्भातील खेड्यांत प्रसूतीनंतर सोयर पाळण्याची रूढी दीर्घकाळ होती. बाळ व बाळंतीण ह्यांना घरातील एका अंधाऱ्या, कमी वाऱ्याच्या खोलीत ठेवीत. बाजेखाली शेगडी असे. शेक, धुरी, कुंची, टोपडे ही तेथली सामग्री. सुईण आणि घरातील वडीलधारी बाई ह्यांखेरीज इतरांचा स्पर्श टाळला जाई. आजच्या ज्ञानाने ह्या रूढीकडे पाहिले तर तिच्यात हितकर आणि अपायकर ह्यांची सरमिसळ आढळते. दोघांना एकत्र ठेवणे, ऊब देणे आणि परक्या माणसांपासून दूर राखणे, ह्या तीन गोष्टी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला उपकारकच होत्या. उलट जन्मताच न्हाऊ घालणे, पहिले चिकाचे दूध टाकून देणे, त्याऐवजी मध किंवा गुळाचे पाणी चाटविणे आणि कोंडलेल्या खोलीत धूर करणे, ह्या गोष्टी त्याच बाळाच्या जिवावर बेतणाऱ्या होत्या.

ह्याचे कारण शरीरधर्मात आहे. दिवस न भरलेल्या बाळाची त्वचा पातळ असते, त्वचेखालची चरबी नाममात्र असते, आणि वजनाच्या मानाने अंगाचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे उष्णता झपाट्याने बाहेर जाते. अंग गार पडले की ते राखण्यासाठी बाळ आपल्या जवळची साखर आणि प्राणवायू खर्ची घालते. मग ते मलूल होते, दूध ओढीनासे होते, आणि दूध न मिळाल्याने आणखी गार पडते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ह्या तीन क्रियांचा मेळ त्याला अद्याप साधलेला नसतो, आणि जंतूंशी लढण्याची शक्तीही अल्प असते. ऊब, दूध आणि जंतुसंसर्गापासून रक्षण हे तीन प्रश्न प्रत्येक समाजासमोर होते. त्यांची उत्तरे शोधताना आईला कोठे उभे करावयाचे, हाच ह्या इतिहासातील मुख्य वादाचा मुद्दा ठरला.

३

उबेच्या प्रश्नाला यंत्राने दिलेले पहिले प्रसिद्ध उत्तर पॅरिसमधले. तेथील प्रसूतिगृहाचे प्रमुख स्तेफान तार्निये ह्यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी अर्भकांसाठी करवून घेतली. १८८०-८१ च्या सुमारास ती वापरात आली. दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले, असे त्यांच्या रुग्णालयाचे आकडे सांगतात. आज इन्क्युबेटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनाचा हा पूर्वज होय.

तार्निये ह्यांचे शिष्य प्येर ब्यूदँ ह्यांनी ह्या विद्येला शास्त्राचे रूप दिले. त्यांचा व्याख्यानसंग्रह १९०० साली प्रसिद्ध झाला. ऊब, पोषण आणि संसर्गप्रतिबंध ही शुश्रूषेची त्रिसूत्री त्यांचीच. परंतु त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या मातांना आपल्या अशक्त बाळाची शुश्रूषा करण्याची संधी मिळत नाही, त्यांपैकी काहींचे मन बाळावरून उडते आणि त्या बाळाला सोडून देतात, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले. म्हणूनच आईला पेटीपाशी येऊ द्यावे, काचेतून बाळ दिसू द्यावे आणि तिने स्वतःचे दूध द्यावे असा त्यांचा आग्रह होता. पेटी ज्या घराण्यात निर्माण झाली, त्याच घराण्यात तिच्यापासून संभवणाऱ्या ताटातुटीचा इशाराही निर्माण झाला.

पुढील इतिहासाने पेटी घेतली आणि इशारा विसरला. मार्टिन कूनी ह्या गृहस्थांनी १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात अपुऱ्या दिवसांची जिवंत बाळे पेट्यांसह लोकांना दाखविली. पुढे न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड ह्या जत्रेच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत त्यांचे असे प्रदर्शन चालले. प्रेक्षकांच्या तिकिटाच्या पैशातून बाळांची शुश्रूषा होई आणि आईबापांकडून काही घेतले जात नसे. अनेक बाळे त्यामुळे वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि परक्याने पैसे देऊन जे बाळ पाहावे, त्याच्या जवळ जन्मदात्रीला मात्र नेमके स्थान नसावे, ही त्या काळाची विसंगती होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात ही शुश्रूषा रुग्णालयांच्या स्वतंत्र विभागांत स्थिरावली. शिकागोचे ज्यूलियस हेस ह्यांनी १९२२ साली ह्या विषयावरील पहिला मोठा अमेरिकी ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या विभागात ईव्हलिन लंडीन ह्या परिचारिकेने शुश्रूषेची जी शिस्त बसविली ती पुढे आदर्श मानली गेली. अपुऱ्या दिवसांची बाळे मुख्यतः परिचारिकेच्या हातांनी जगतात, हे ह्या विभागांनी सिद्ध केले. पण जंतुसंसर्गाच्या भयाने, आणि ते भय निराधार नव्हते, दारे बंद झाली. आईबापांनी काचेच्या भिंतीबाहेरून पाहावे आणि वजन भरले की बाळ घरी न्यावे, असा नियम बहुतेक ठिकाणी पडला. एक स्त्री बाळ जगवी आणि दुसरी स्त्री त्याची आई असे. दोघींची गाठ बाळ घरी नेण्याच्या दिवशी पडे.

ह्या प्रवाहाला अपवादही होते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९४० नंतरच्या दशकात मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांची शुश्रूषा परिचारिकेच्या भेटींच्या आधारे घरीच करून दाखविली. हा प्रयोग त्या वेळी बाजूलाच राहिला, पण त्यातील कल्पना पुढे वेगळ्या मुलखात, वेगळ्या कारणाने पुन्हा उगवावयाची होती.

४

बंद दारावर पहिली गंभीर थाप १९७० च्या सुमारास पडली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बार्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांना अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात प्रवेश देऊन पाहिला आणि त्याचा वृत्तान्त १९७० साली प्रसिद्ध केला. मातांच्या येण्याने संसर्ग वाढेल हे भय खरे ठरले नाही. १९७२ साली क्लाउस आणि केनेल ह्यांनी २८ मातांच्या अभ्यासावरून पहिल्या दिवसांतील अधिक सहवासाचा आईच्या वर्तनावर परिणाम होतो असे मांडले. १९७६ साली त्यांचे ह्या विषयावरील पुस्तक निघाले आणि माता-अर्भक बंधाची कल्पना जगभर पसरली.

ह्या कल्पनेचा स्वीकार करताना सावधगिरी बाळगली पाहिजे. जन्मानंतरचे काही तास निसटले तर बंध कायमचा कच्चा राहतो, असा जो अर्थ पुढे लोकांनी घेतला त्याला पुरेसा आधार नव्हता, आणि नंतरच्या चिकित्सेत तो टिकला नाही. मूळ अभ्यास लहान होता आणि तो पूर्ण दिवसांच्या बाळांचा होता. बंध हा क्षणात जडणारा डिंक नसून सहवासाने आणि सेवेने दिवसागणिक विणला जाणारा धागा आहे, असेच म्हणणे युक्त होय. जी आई शस्त्रक्रियेमुळे, आजारपणामुळे किंवा अंतरामुळे पहिले काही दिवस बाळाजवळ जाऊ शकली नाही, तिच्या माथी ह्या सिद्धान्ताने अपराध मारता कामा नये. दार बंद करणाऱ्या व्यवस्थेचा दोष आईच्या मायेत शोधणे हा दुहेरी अन्याय ठरेल.

समासाचा खरा संधी दरिद्री देशांतील टंचाईतून साधला. दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाची राजधानी बोगोता येथील प्रसूतिगृहात पेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत, संसर्ग पसरे, आणि ताटातुटीमुळे बाळे टाकून जाण्याचे प्रकार घडत. १९७८ साली एडगर रे ह्यांनी, आणि पुढे त्यांच्याबरोबर एक्तोर मार्तिनेस ह्यांनी, पेटीऐवजी आईच्या देहाचीच योजना केली. उघड्या बाळाला आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये, त्वचेला त्वचा लावून, उभ्या स्थितीत बांधावयाचे. आईचेच दूध द्यावयाचे. आणि बाळ सावरताच त्याला लवकर घरी पाठवून पुढे वारंवार तपासावयाचे. कांगारूच्या पिशवीवरून ह्या पद्धतीला नाव पडले. १९७९ साली एस्टोनियातील टालिन येथेही आदिक लेविन ह्यांनी आजारी नवजातांची बरीचशी शुश्रूषा मातांच्या हाती सोपविली; तेथेही परिचारिकांची उणीव हेच निमित्त होते. श्रीमंत रुग्णालयांनी जे तत्त्वचर्चेतून हळूहळू स्वीकारले, ते गरीब रुग्णालयांना गरजेने आधी शिकविले.

५

महाराष्ट्रात ह्या वळणाच्या दोन मोठ्या खुणा दिसतात. पहिली मुंबईची. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. ज्या बाळाच्या आईला दूध येत नाही त्याला दुसऱ्या आईचे दूध मिळावे, हा तिचा हेतू. गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात बाटली व भुकटी ह्यांऐवजी मानवी दुधाला प्रथम स्थान देणे हे त्या काळी धाडसाचे होते.

दुसरी खूण गडचिरोलीची, आणि ती अधिक दूरगामी ठरली. चंद्रपूरपासून १९८२ साली वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ पासून 'सर्च' ह्या संस्थेमार्फत काम आरंभिले. प्रारंभी त्यांनी बालकांच्या न्यूमोनियाकडे लक्ष दिले. निरक्षर सुईणीलाही श्वासांची गती मोजता यावी म्हणून मण्यांचे एक साधे श्वासमापक त्यांनी तयार केले. अंक न येणाऱ्या स्त्रीला मोजणी करता येते, हा ह्या साधनामागचा विश्वास होता. पुढील सर्व कार्याचे बीज त्यातच आहे.

नवजातांकडे वळल्यावर जे चित्र समोर आले ते भयावह होते. १९९५-९६ साली ३९ गावांतील ७६३ नवजातांचे घरोघरी निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती, प्रत्यक्षात २.६ टक्के बाळांनाच ते मिळाले, आणि रुग्णालयात पोहोचली ती अवघी ०.४ टक्के. शंभर बाळांतील बेचाळीस कमी वजनाची होती. ज्या मुलखात पेटी नव्हती, वाट नव्हती आणि नवजाताला घराबाहेर काढण्याची रीतही नव्हती, तेथे बाळाला रुग्णालयात आणा हा उपदेश निरर्थक होता. म्हणून रुग्णालयातील विद्याच बाळाच्या घरी नेण्याचे ठरले.

ह्या कामासाठी गावातीलच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांना 'आरोग्यदूत' असे नाव देण्यात आले. त्या प्रसूतीच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहत. बाळ रडले नाही तर श्वास कसा चालू करावयाचा, काट्यावर वजन कसे करावयाचे, काखेतील ताप कसा मोजावयाचा, हे त्यांना शिकविण्यात आले. जंतुदोषाची लक्षणे ओळखून आईबापांच्या संमतीने प्रतिजैविकाची सुई टोचण्यापर्यंत त्यांची तयारी करण्यात आली. अपुऱ्या दिवसांच्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाकडे त्या अधिक फेऱ्या घालीत. त्याला कपड्यात गुंडाळून उबदार पिशवीत ठेवणे, न्हाऊ घालणे लांबणीवर टाकणे, चिकाचे दूध पाजणे, आणि ओढता येत नसेल तर दूध काढून चमच्याने देणे, ह्या गोष्टी त्या आईकडून करवून घेत. आरोग्यदूत बाळाचा ताबा घेत नसे. ती आईच्या हाताला वळण लावी.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा एक तपशील आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे हे ठरविण्यासाठी वैद्यकात सदतीस आठवड्यांची मर्यादा असते. ही मर्यादा ह्या शुश्रूषापद्धतीत 'आठ महिने चौदा दिवस' अशी मांडली गेली. आठवड्यांचा हिशेब रुग्णालयाचा. महिन्यांचा व दिवसांचा हिशेब घराचा. 'दिवस भरले का' ह्या जुन्या प्रश्नाला अंकांची जोड देऊन शास्त्राने तोच प्रश्न स्वीकारला. ज्ञान खाली उतरते तेव्हा ते सोपे करावे लागते असे आपण म्हणतो; पण येथे ते सोपे झाले नाही, तर आधीच तयार असलेल्या मापात ओतले गेले. तशीच गोष्ट 'आरोग्यदूत' ह्या नावाची. दूत म्हटला की तो कोणाचा तरी निरोप कोणाला तरी पोहोचवितो. तो स्वतः राजा नसतो, आणि निरोप दोन्ही दिशांनी जातो.

परिणामांची नोंद १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे नवजातमृत्यूंचे प्रमाण ६२ वरून २५ च्या घरात उतरले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी ही घट ६२ टक्के भरली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे आकडे २००५ साली वेगळे मांडण्यात आले, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत बोलके आहेत. ह्या बाळांपैकी पूर्वी ३३.३ टक्के दगावत. १९९६ ते २००३ ह्या काळात ते प्रमाण १०.२ टक्क्यांवर आले. कमी वजनाच्या बाळांत ते ११.३ वरून ४.७ टक्क्यांवर आले. ज्या बाळांना पेटीखेरीज गत्यंतर नाही असे मानले जाई, त्यांतील बहुसंख्य बाळे आई, शेजारीण आणि एक उबदार पिशवी ह्यांच्या बळावर जगली.

२००१ साली 'कोवळी पानगळ' ह्या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यू शासकीय नोंदींत किती कमी दाखविले जातात हा प्रश्न राज्यापुढे ठेवला. जे बाळ बारशापूर्वीच जाते त्याचे नाव कोठेच राहत नाही. नाव नसलेल्याची नोंद चुकविणे सोपे असते. आरोग्यदूताच्या वहीने त्या बाळाला प्रथम वजन, तारीख आणि आईचे नाव दिले. मोजले जाणे हीदेखील एक प्रकारची आपुलकीच आहे, असे ह्या संदर्भात म्हटल्यास वावगे होणार नाही.

६

गडचिरोलीची पद्धत एका जिल्ह्यापुरती राहिली नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव आशा कार्यकर्त्या नेमण्यात आल्या, आणि २०११ साली केंद्र शासनाने नवजाताच्या घरी भेटी देण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास सहा आणि घरी झाली असल्यास सात भेटी, असा क्रम ठरला. त्याच सुमारास जिल्हा रुग्णालयांत नवजातांसाठी विशेष कक्ष उघडण्यात आले. यवतमाळ येथे १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाल्याने जिल्ह्याला उच्च उपचारांचे केंद्र मिळाले होतेच. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रातील नवजातमृत्यूचे प्रमाण हजारी ११ होते, तर देशाचे २०. ही प्रगती लहान नव्हे.

परंतु ह्या प्रगतीबरोबर पॅरिसचा जुना प्रश्न नव्या रूपाने परत आला. प्रसूती घरातून रुग्णालयात गेली, आणि कमी वजनाचे बाळ तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष कक्षात जाऊ लागले. झरी जामणीतील एखाद्या पोडावरील कुटुंबाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. बाळ काचेच्या आत; आई दुसऱ्या विभागात, वा घरी थोरल्या मुलापाशी; बाप मजुरी बुडवून परक्या शहराच्या व्हरांड्यात. आत कोणती यंत्रे आहेत, बाळाच्या नाकात नळी कशासाठी, दूध बाहेरून का मागवितात, हे सर्व मराठीत, आणि पुष्कळदा इंग्रजी शब्दांनी भरलेल्या मराठीत, एका दमात सांगितले जाते. आई मान हालविते. मान हालविणे म्हणजे समजणे, असा समज करून घेणे परिचारिकेला सोयीचे असते. परंतु भाषाव्यवहाराच्या अभ्यासात ह्याहून फसवी खूण दुसरी नाही. परक्या भाषेत गप्प राहिलेल्या आईला 'बाळाची ओढ नाही' असे म्हणणे किती सोपे आहे, हे ब्यूदँच्या काळापासूनच्या इतिहासाने शिकविले आहे.

ह्या ताटातुटीला आता शास्त्राचेही समर्थन उरलेले नाही. भारत, घाना, मालावी, नायजेरिया आणि टांझानिया ह्या पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. एक किलो ते १.७९९ किलो वजनाच्या ३२११ बाळांचा त्यात समावेश होता. पूर्वीच्या रीतीप्रमाणे बाळ स्थिर होईपर्यंत न थांबता, जन्मताच त्याला आईच्या किंवा घरातील दुसऱ्या माणसाच्या छातीशी लावण्यात आले, आणि त्यासाठी अतिदक्षता कक्षातच आईची खाट ठेवण्यात आली. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू जुन्या रीतीत १५.७ टक्के, तर नव्या रीतीत १२ टक्के आढळले. लाभ इतका स्पष्ट होता की प्रयोग नियोजित वेळेपूर्वी थांबवावा लागला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच रीत शिफारस म्हणून स्वीकारली. म्हणजे अत्यंत आजारी बाळाच्या कक्षातही आई ही भेटीस येणारी पाहुणी नसून उपचाराचाच एक भाग आहे, हे मान्य झाले. पेटी आणि यंत्रे ह्यांची गरज त्यामुळे संपली असे नव्हे. श्वासाला साहाय्य लागणाऱ्या बाळाला ती लागतातच. संपले ते यंत्रासाठी आईला बाहेर काढण्याचे कारण.

७

ह्या सर्व इतिहासाचा झरी जामणीपुरता निष्कर्ष तीन अंगांनी मांडता येईल.

पहिले अंग स्थळाचे. बाळाला हलवावयाचे तर आईसह हलवावे, आणि तिची खाट, तिचे जेवण व तिच्या सोबतीणीची सोय ही औषधाइतकीच आवश्यक बाब मानावी. प्रवासात बाळाला उबदार ठेवण्याचे उत्तम साधन आईची छातीच होय. शिबल्याहून वा माथार्जुनहून यवतमाळपर्यंतच्या वाटेवर दुसरी पेटी बहुधा नसतेच.

दुसरे अंग माणसाचे. वडिलांच्या आणि आजीच्या छातीचीही ऊब बाळाला चालते, हे आता सिद्ध आहे. कोलाम किंवा गोंड कुटुंबात सुईण, आजी आणि शेजारणी ह्यांचे जे वर्तुळ बाळंतिणीभोवती असते, ते शुश्रूषेतील अडथळा न मानता तिचे साधन मानले, तर गडचिरोलीच्या अनुभवाशी ते सुसंगतच ठरेल. तेथे सुईणीला हाकलून दिले नव्हते. तिच्या शेजारी आरोग्यदूत उभी केली होती.

तिसरे अंग भाषेचे, आणि त्याकडे आजवर सर्वांत कमी लक्ष गेले आहे. ज्या पद्धतीला जगाने ऑस्ट्रेलियातील एका प्राण्याचे नाव दिले, तिच्यासाठी मराठीत 'पोटाशी धरणे' हा शब्दप्रयोग आधीपासून आहे. आणि तो तंतोतंत तीच कृती सांगतो. पोडावरील आईला कांगारू म्हणजे काय हे प्रथम समजावून सांगावे, आणि मग बाळ कसे धरावे ते सांगावे, हा वळसा कशासाठी? कोलामी व गोंडी बोलणाऱ्या स्त्रियांकडूनच त्यांच्या भाषांतील अशा कृतींचे शब्द मिळवावेत; ते आशा कार्यकर्तीच्या शिक्षणात, विशेष कक्षाच्या भिंतीवर आणि परिचारिकेच्या तोंडी यावेत. हे काम विद्यापीठाच्या भाषाविभागाच्या आवाक्यातले आहे. कोलामीचे व्याकरण सत्तर वर्षांपूर्वी लिहिले गेले. कोलामी आईला तिच्याच भाषेत 'बाळाला पोटाशी घे, त्याचा श्वास मोज, तुझेच दूध त्याला पुरेसे आहे' असे सांगणारी चार वाक्ये मात्र रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचावयाची आहेत.

ज्या काळात बाळ वाचविण्यासाठी आईला दूर ठेवणे हेच शास्त्र मानले जात होते, त्या काळातही गावोगावची माणसे बाळ आणि बाळंतीण ह्यांचे कुशल एकत्रच विचारीत होती. शास्त्राला शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतर त्याच प्रश्नापाशी यावे लागले. झरी जामणीच्या एखाद्या पोडावरून अपुऱ्या दिवसांचे बाळ जिल्ह्याच्या रुग्णालयात जाते, तेव्हा मागे राहिलेल्या माणसांना हवा असलेला निरोप अजूनही तोच आहे, आणि त्यातील कर्ता अजूनही सामासिकच आहे. तो समास न तोडता निरोप पोहोचविता येणे, हीच ह्या शुश्रूषेची कसोटी होय.